'पुट अप' पुराण

इंग्रजी भाषेत सर्वांत अवघड काय, असे विचारले तर बहुतेक लोक स्पेलिंगचे नाव घेतील. काही उच्चारांचे घेतील. मला विचाराल तर यापैकी काहीच अवघड नाही. स्पेलिंग घोकता येते, उच्चार ऐकून ऐकून सुधारतो. खरी फजिती होते ती चिमुकल्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या क्रियापदांमुळे. गेट, टेक, सेट, पुट, मेक. तिसरीतल्या पोराला येणारे हे शब्द. त्यांच्या शेपटीला अप, डाऊन, ऑफ, आऊट यांपैकी एखादा शब्द चिकटला की ते ओळख द्यायचे बंद होतात.

'पुट अप' हेच उदाहरण घ्या. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. तेव्हा पुट अप म्हणजे वर ठेवणे. हिशेब सरळ आहे. पण इंग्रज माणूस तंबू ठोकतो तेव्हा तो 'पुट अप' करतो. भिंतीवर फळी बसवतो, पोस्टर लावतो, छत्री उघडतो, वर्गात हात वर करतो, तेही पुट अपच. इथपर्यंत 'वर' कुठेतरी दिसतो तरी. पुढे मात्र तो दिसेनासा होतो. घरी आलेल्या पाहुण्याची रात्रीची सोय केली, पुट अप. घर विक्रीला काढले, पुट अप. धंद्यासाठी कोणी पैसा उभा केला, निवडणुकीत पक्षाने उमेदवार उभा केला, घरमालकाने भाडे वाढवले, हरणाऱ्या संघाने शेवटपर्यंत झुंज दिली, सगळीकडे पुट अप. कोणाला फूस लावली तर पुढे 'टू' येतो. आधीच ठरवून केलेल्या बनवाबनवीला 'पुट-अप जॉब' म्हणतात. आणि शेवटी 'विथ' लागला की अर्थ होतो सहन करणे, निमूट सोसणे.

यात दोन गमती आहेत. पहिली दुकानाची. आपल्याकडे दुकान बंद करताना शटर खाली ओढतात. जुन्या काळी इंग्लंडातले दुकानदार लाकडी फळ्या उचलून खिडक्यांवर बसवत. म्हणून त्यांच्या भाषेत शटर 'पुट अप' केले म्हणजे दुकान बंद झाले, प्रसंगी धंदाच बुडाला. आपले खाली येते, त्यांचे वर जाते, आणि अर्थ एकच. दुसरी गंमत तलवारीची. जुन्या इंग्रजीत तलवार 'पुट अप' करणे म्हणजे ती म्यान करणे. १६११ सालच्या बायबलच्या प्रसिद्ध भाषांतरात हा अर्थ सापडतो. म्हणजे ज्या दोन शब्दांनी झुंज दिली जाते, त्याच दोन शब्दांनी तलवार म्यानातही जाते! भाषा तर्काने चालते असे मानणाऱ्यांनी एवढ्या एका उदाहरणावर थोडा वेळ बसावे.

हे दुखणे फक्त आपल्यासारख्या परभाषिकांचे आहे असेही नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला मोठा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत या प्रकाराची खास दखल घेतली आहे. क्रियापदामागे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची ही खोड परक्यांना सर्वांत जड जाते, हे त्याने त्या वेळीच ओळखले होते. त्याला 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मिळायला मात्र १९२५ साल उजाडावे लागले. लोगन पियर्सॉल स्मिथने आपल्या पुस्तकात ते वापरले आणि रूढ केले. म्हणजे रोग जुना, नाव नवे.

आता आपल्या इकडचा पुट अप पाहू. तो इंग्लंडातल्या पुट अपचा भाऊ असला तरी त्याचा संसार वेगळा आहे.

हिंदुस्थानातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत जा, 'पुट अप' हा शब्द दिवसातून शंभरदा कानी पडेल. मी स्वतः कारकून, त्यामुळे या शब्दावर माझे पोट आहे म्हणायला हरकत नाही. एलडीसीने यूडीसीकडे पुट अप करायचे, यूडीसीने हेड क्लार्ककडे, हेड क्लार्कने सुपरिटेंडेंटकडे, तिथून अंडर सेक्रेटरी, आणि असे करत करत कागद मजले चढतो. साहेब फाईलवर शेरा मारतात, 'प्लीज पुट अप'. कधी 'पुट अप ड्राफ्ट', म्हणजे मसुदा करून आणा. कधी 'पुट अप ऑन मंडे', म्हणजे आज माझे डोके खाऊ नका. इंग्लंडातल्या माणसाला हा अर्थ सहजी कळायचा नाही. ब्रिटिशांच्या अमदानीत कचेऱ्यांतून तो रुजला, ते गेले आणि शब्द आपल्या टेबलावर राहिला.

कचेरीबाहेरही आपण त्याला कामाला लावले आहे. 'सध्या कुठे पुट अप आहात?' असे आपण विचारतो. पर्वरीला पंधरा वर्षे स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूसही सांगतो, 'मी पर्वरीला पुट अप आहे.' मूळ इंग्रजीत हा शब्द चार दिवसांच्या पाहुण्याचा. आपल्याकडे तो कायमचा वस्तीला आला!

पण सगळ्यात मासलेवाईक शेरा म्हणजे 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. प्रत्येक कारकुनाने तो पाहिला आहे. त्याचा कचेरीतला अर्थ, मागील कागदपत्रे जोडून फाईल पुढे ठेवा. आता हेच वाक्य एखाद्या लंडनकराला वाचायला द्या. तो म्हणेल, साहेबांनी कारकुनाला जुने कागद निमूट सोसायला सांगितले आहे! आणि खरे सांगू का, आमच्या कपाटांची अवस्था पाहिली तर त्याचाही अर्थ चूक म्हणता येणार नाही.

असो. थट्टा पुरे. मला यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक शाळेविषयी आणि दुसरी कचेरीविषयी.

आधी शाळा. आपल्या गोव्यात सरकारी प्राथमिक शाळांतली मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडतात. काल परिसर अभ्यास मराठीत होता, आज सायन्स इंग्रजीत. माध्यमाचा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो आहोत. १९९०च्या सुमारास प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या शाळांपुरते ठेवले गेले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर आंदोलन पेटले. त्या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. पण दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक समज मला सारखी दिसते, ती अशी की मराठी येणे आणि इंग्रजी येणे या दोन वेगळ्या वखारी आहेत. एकीतला माल दुसरीत चालत नाही.

ही समज चुकीची आहे आणि ती पुट अपनेच सिद्ध करता येते. वर पुट अपचे जेवढे अर्थ दिले त्याहून अधिक अर्थ आपल्या 'लागणे'चे आहेत. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आग लागते. दिवा लागतो, दार लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. लग्न लागते आणि मग कधी कधी वाटही लागते. झाडाला आंबे लागतात, दूध पातेल्याला लागते, घाटात गाडी लागते. डोळा लागतो म्हणजे झोप येते, पण दृष्ट लागते म्हणजे निराळेच काही होते. तो तुमचा कोण लागतो? मामा लागतो. घरी जायला किती वेळ लागतो? पाऊस पडू लागला. मला जावे लागले. कोकणीतही 'म्हाका भूक लागल्या' म्हणताना आपण हाच शब्द वापरतो. चार वर्षांचे पोर हे सगळे बिनचूक बोलते. त्याला कोणी 'लागणे'ची यादी पाठ करायला दिलेली नसते.

त्याहून पुढची गोष्ट जोडक्रियापदांची. इंग्रजी क्रियापदामागे अप, ऑफ, आऊट जोडते, तसे आपण एका क्रियापदामागे दुसरे जोडतो. 'तो बोलला' हे साधे वाक्य घ्या. तो बोलून गेला, म्हणजे नकळत तोंडातून निसटले. तो बोलून बसला, म्हणजे आता पस्तावतो आहे. बोलून टाकले, म्हणजे मन मोकळे केले. बोलून दाखवले, म्हणजे समोरच्याला ऐकवले. बोलून पाहिले, म्हणजे जमते का ते आजमावले. बोलून ठेवले, म्हणजे पुढची तजवीज केली. क्रिया एकच. पण बोलणाऱ्याची घाई, पश्चात्ताप, हिशेबीपणा सगळे त्या शेवटच्या शब्दात आले. गेला, बसला, टाकले यांचे मूळ अर्थ इथे कुठे उरले? 'बोलून बसला' तेव्हा तो कदाचित उभाच असेल!

म्हणजे पाचवीतल्या मुलाला फ्रेजल व्हर्ब ही काही परग्रहावरची वस्तू नाही. ती युक्ती त्याच्याच घरात आहे. 'ईट अप' मधला अप वर जायला सांगत नाही, काम संपवायला सांगतो, हे त्याला कसे सांगायचे? 'खाऊन टाक' असे सांगायचे. टाकण्याचा आणि टाकून देण्याचा तिथे काही संबंध नाही, हे त्याला आपोआप ठाऊक असते. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे, 'फॉल अस्लीप' म्हणजे झोप लागणे. प्रत्येक जोडीला अशी जोडी मिळेलच असे नाही. पण शब्दांची मोळी एकत्र बांधली की अर्थ बदलतो, हे तत्त्व एकदा मुलाला कळले की यादीची भीती जाते.

प्रत्यक्षात काय होते? पन्नास फ्रेजल व्हर्ब आणि समोर पन्नास अर्थ, घोका. वर सूचना, की इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची नाही. ज्या भाषेत मुलाला ही गोष्ट पाच मिनिटांत कळली असती तीच वर्गाबाहेर ठेवायची, आणि मग म्हणायचे, खेड्यातल्या पोरांचे इंग्रजी कच्चे! सत्तरी-पेडण्याची पोरे यात जास्त भरडली जातात, कारण शिकवणी लावायला पैसा नसतो आणि घरी सांगणारे कोणी नसते. माझे म्हणणे एवढेच, की इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला मराठीचे किंवा कोकणीचे व्याकरण नीट आले पाहिजे आणि ते वर्गात वापरायची त्याला मुभा पाहिजे. यात इंग्रजीचा द्वेष नाही. उलट इंग्रजी लवकर यावी म्हणूनच हे सांगतो आहे.

आता कचेरी.

गोव्यात हा पुट अप तसा उशिरा आला. १९६१ पर्यंत इथला सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये. आमच्या वाडवडिलांचे अर्ज पापेल सेलादवर व्हायचे आणि ते लिहून घेण्यासाठी जाणत्या माणसाच्या दारात उभे राहावे लागायचे. कोमुनिदाद, आल्वारा असे त्या काळचे शब्द जमिनीच्या कागदांतून अजून भेटतात. मुक्तीनंतर पोर्तुगीज गेली आणि तिच्या खुर्चीवर इंग्रजी बसली. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही त्याच कायद्यात जागा मिळाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर द्यायचे हे सरकारचे धोरणही आहे. पण फाईलच्या आत डोकावून पाहा. नोटिंग इंग्रजीत, शेरे इंग्रजीत, आणि त्यात सगळ्यात वापरून झिजलेला शेरा, पुट अप.

काउंटरवर आलेल्या माणसाला हा शब्द सांगितलाच जात नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे कोकणी भाषांतर तयार असते. 'फायल वयर गेल्या.' किती सुंदर भाषांतर! पुट अपमधला 'अप' जसाच्या तसा उतरला आहे. पण वर म्हणजे कुठे? कोणाकडे? कशासाठी गेली? सहीसाठी, शंका विचारण्यासाठी, की नुसतीच? म्हाताऱ्या माणसाने एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी चौथी फेरी मारलेली असते. 'वयर गेल्या' ऐकून तो देवळात मान डोलवावी तशी मान डोलवतो आणि बस पकडायला जातो. वर गेलेल्या गोष्टीला आपण काय विचारणार, हा संस्कार आपल्याकडे जुना आहे.

माझा आक्षेप इथे आहे. पुट अप हा शब्द कचेऱ्यांना इतका आवडतो कारण त्यात कर्ता लागत नाही आणि काम काय तेही सांगावे लागत नाही. कारकुनाने पुट अप केले की कारकून सुटला. साहेबांनी 'पुट अप' लिहून फाईल परत पाठवली की साहेब सुटले. फाईल चार वेळा वर-खाली झाली तरी कोणी काही ठरवलेले नसते आणि प्रत्येकाने काम केलेले असते. हा आळशीपणाच असतो असे मी म्हणत नाही. बऱ्याचदा भीती असते. निर्णय लिहिला तर उद्या चौकशीत नाव येईल, पुट अप लिहिले तर नाव येत नाही.

यावर 'मग मराठीत लिहा' हे उत्तर सोपे आहे, पण अर्धे आहे. मराठीत पुट अपला प्रतिशब्द आहे, 'सादर करावे'. या शब्दाचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. जुन्या मोडी कागदांत सनद सादर होत असे, म्हणजे वरून खाली येत असे, सत्तेकडून रयतेकडे. आज सादर होते ते खालून वर. शब्द तोच, दिशा उलटी. पण नुसते 'सादर' लिहूनही प्रश्न तसाच राहतो. पुट अपच्या जागी सादर आले, धुके मात्र हटले नाही.

शिवाजी महाराजांच्या वेळी राज्यव्यवहारकोश झाला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टाही झाली. त्या थट्टेतून काही शब्द तगले, अनेक रुळलेही. पण अर्ज, हुकूम, तारीख, कारकून, मामलेदार हे शब्द कोणत्याही कोशाला न जुमानता टिकले. कारण ते ऐकताच समोरच्याला कळत होते. परकेपणा हा शब्दाचा मोठा दोष नव्हे, संदिग्धपणा हा आहे. म्हणून मला 'पुट अप' इंग्रजी आहे याचे दुःख कमी आणि तो मोघम आहे याचे जास्त.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. शेरा लिहिताना क्रियापद नेमके लिहावे. 'मंजुरीसाठी पाठवतो.' 'मोजणीचा नकाशा नाही, अर्जदाराकडून मागवावा.' 'नियमात बसत नाही, अर्ज नामंजूर करावा असे माझे मत.' 'मंजूर.' यातली कोणतीही ओळ पुट अपपेक्षा फार लांब नाही. मराठीत किंवा कोकणीत लिहिली तर अर्जदाराच्या घरातले शाळकरी मूलही ती वाचून दाखवू शकेल. गोव्याने माहितीच्या अधिकाराचा कायदा १९९७ मध्येच केला, देशाचा २००५ मध्ये आला. फाईलवरचे शेरे मागून पाहण्याची वाट लोकांना मिळाली. २०१३ मध्ये ठरावीक मुदतीत सेवा देण्याचाही कायदा झाला. पण मागून मिळालेल्या कागदावर जर सहा सह्या आणि सहा पुट अप एवढेच असेल, तर माहिती मिळाली असे म्हणायचे की नाही?

काही सहकारी म्हणतात, अरे, एका शब्दाने काय होते? पद्धतच तशी आहे. मान्य. पण पद्धत शेवटी शब्दांतूनच चालते. 'नाही' असे लिहायला लागले की कारण द्यावे लागते. कारण दिले की अर्जदाराला त्याविरुद्ध दाद मागता येते. 'वयर गेल्या' याविरुद्ध दाद कुठे मागणार? नकार कळणे हाही माणसाचा हक्क आहे, आणि कित्येकांना तो मंजुरीइतकाच उपयोगी पडतो. निदान फेऱ्या तरी वाचतात.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी कचेरीत गेलात आणि फाईल वर गेल्याचे कळले तर न लाजता तीन प्रश्न विचारा. कोणाच्या टेबलावर? कशासाठी? कोणत्या तारखेला गेली? तारीख लिहून घ्या. शक्य तर अर्जच मराठीत किंवा कोकणीत करा, म्हणजे उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागेल. समोरचा कारकून थोडा वैतागेल. वैतागू द्या. कागद पुट अप करणे आमचे काम आहे, पण पुढे 'विथ' जोडून सगळे सोसत राहणे हे तुमचे काम आहे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.